खुणांची वही

नव्या घरात राहायला आलो त्या दिवशी आजीनं भर दुपारी दोन वाजता स्वयंपाकघरातला नळ सोडला. हात धुवायचे नव्हते की भांडं भरायचं नव्हतं. नुसती धारेखाली तळहात धरून उभी राहिली आणि आईला हाक मारली, "गो, हयसर ये. दुपारचे दोन वाजले आणि नळाक पाणी!" मग चटकन बंद केला. पाणी वाया घालवणं तिच्या हातून कधी झालं नाही. पण संध्याकाळपर्यंत तिनं तो नळ आणखी तीनदा सोडून पाहिला.

ही २०१० सालची गोष्ट. त्याआधी साठ वर्षं आजीनं पाणी भरलं ते पहाटे चारला. लालबागच्या आमच्या चाळीत मजल्यावर एकच सामायिक नळ होता आणि तिथे हंडे-कळश्यांची रांग लागायची. सव्वापाचला नळ जायचा. तेवढ्या वेळात घरातल्या सहा जणांचं आणि आजीच्या खाणावळीत जेवणाऱ्या एकतीस जणांचं पाणी भरून व्हायचं.

आज त्याच जागेवर चोवीस मजल्यांची इमारत आहे आणि चौदाव्या मजल्यावर आम्ही राहतो. आजी २०१४ साली गेली. तिच्याविषयी लिहायचं फार दिवस मनात होतं, पण दर वेळी हात अडायचा. 'गेले ते दिन' असा सूर तिला मुळीच आवडला नसता. चाळीतलं जुनं कुणी नव्या घरात येऊन "मावशी, ते दिवस सोन्याचे होते" म्हणालं, की ती उसळायची, "सोन्याचे? रातच्या एक वाजता धा बिऱ्हाडांच्या एका संडासाच्या लायनीत उभो रव, मग सांग माका." म्हणून आज लिहिताना तिचाच न्याय लावायचं ठरवलं आहे. जे वाईट होतं त्याला वाईटच म्हणायचं, आणि जे हरवलं ते नेमकं काय, तेवढंच शोधायचं.

आजीला स्वतःची जन्मतारीख ठाऊक नव्हती. मुंबईत कधी आलीस असं विचारलं तर ती सन सांगत नसे, "रामदास बुडाली त्या वर्साक" म्हणायची. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्येचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या पावसाळ्यात कोकणातल्या कितीतरी घरांत चूल पेटली नसेल. त्याच वर्षी दिवाळीनंतर आजीला मालवणहून बोटीनं मुंबईला यायचं होतं. वय असेल सोळा, लग्नाला सहा महिने झालेले. घरातली सगळी म्हणत होती, यंदा राहू दे, पुढच्या साली जा. आजीनं विचारलं, "एक बोट बुडाली म्हणान दर्या बंद जालो काय?" आणि ती बोटीत चढली. रात्रभर डेकवर पदर घट्ट धरून बसली होती आणि सकाळी भाऊच्या धक्क्यावर पाय टेकला तेव्हा तिनं आधी समुद्राला हात जोडले. हे ती स्वतः सांगायची. घाबरले नव्हते, असं मात्र कधी म्हणाली नाही.

१९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. मी रात्री दादरला गाडीत बसते आणि सकाळी कणकवलीला उतरते. मधल्या वेळात झोपलेली असते. आजी पहिल्यांदा त्या गाडीत बसली तेव्हा रात्रभर खिडकीशी जागी होती. काळोखात काही दिसत नव्हतं. तरी प्रत्येक स्टेशनावर दिवा दिसला की ती गाव ओळखायची आणि तिथला खाणावळीतला मेंबर कोण, ते सांगायची. "चिपळूण. हयचो तो भजनी." "रत्नागिरी. हयचे तिघेजण, भाव-भाव." तिच्या डोक्यात नकाशा होता, पण तो गावांचा नव्हता, जेवणाऱ्या माणसांचा होता.

आजोबा कापडगिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. आमची खोली दहा बाय बाराची. कापसाची धूळ वर्षानुवर्षं छातीत जाऊन त्यांचा खोकला जुना झाला आणि १९६१ साली ते गेले. आजीच्या पदरात तीन मुलं. माझे बाबा थोरले, बारा वर्षांचे. तेराव्याला आजोबांच्या गाळ्यातले चार साचेवाले भेटायला आले. गिरणगावात गाळा म्हणजे एका गावच्या माणसांनी मिळून भाड्यानं घेतलेली खोली. बायका-मुलं गावी आणि पुरुष इथे. एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीपाळीनं झोपणारे. एक पथारी उचलली की तिथे दुसरी पडायची. ते चौघे जायला उठले तेव्हा आजीनं त्यांना विचारलं, "तुम्ही जेवतास खंय?" कुठल्याशा हॉटेलात, असं ते म्हणाले. "उद्यापासून हय जेवा," आजी म्हणाली. अशी आमची खाणावळ सुरू झाली. पाटी लागली नाही की नारळ फुटला नाही.

गिरणगावात अशा खाणावळी हजारो बायका चालवत होत्या. त्यांना कुणी उद्योजक म्हटलं नाही. घरी बसून चार डबे करतात, एवढंच म्हटलं जायचं. प्रत्यक्षात ते काम गिरणीइतकंच तीन पाळ्यांचं होतं. पहिली पाळी सकाळी सातची, म्हणजे साडेसहाला डबे तयार हवेत. दुसरी पाळी दुपारी साडेतीनला भरायची, त्या आधी त्यांची पंगत उठायला हवी. रात्री बाराला सुटणारे साडेबाराला जेवायला यायचे आणि तिसऱ्या पाळीचे त्याआधीच जेवून गेलेले असायचे. आजीच्या वाट्याला तीन-साडेतीन तासांची झोप उरायची. रॉकेलचा स्टोव्ह आणि कोळशाची शेगडी शेजारी शेजारी पेटलेली असायची. खोली इतकी तापायची की भिंतीला पाठ टेकता येत नसे. सोमवारी-गुरुवारी उसळ, बुधवारी आणि शुक्रवारी बांगडा नाहीतर सुकट, रविवारी दुपारी मटण आणि सोलकढी. रविवारच्या त्या जेवणाला सगळे 'फीस्ट' म्हणायचे. संध्याकाळी खाणावळ बंद. आठवड्यातली तेवढीच एक संध्याकाळ आजीची असायची. तेव्हा ती अंबाड्यात अबोलीचा वळेसर माळून शेजारणींबरोबर भारतमाता थिएटरात मराठी सिनेमा बघायला जायची. परत येताना पूर्ण गोष्ट मोठ्यानं सांगत यायची आणि घरी आल्यावर जे आले नव्हते त्यांना ती परत सांगायची.

ती भाकरी कशी करायची, हे माझ्या डोळ्यांपुढे अजून जसंच्या तसं आहे. परातीत तांदळाच्या पिठाची उकड. उजव्या हाताच्या तळव्यानं ती रेटून रेटून मळायची, इतकी की मनगटाच्या शिरा वर यायच्या. गोळा घेऊन पाण्याचा हात लावायचा आणि परातीतच थापायचा. भाकरी हाताखाली गोल फिरत राहायची, बोटं काठाकडे सरकत जायची आणि अंगठा कडेला कुंपणासारखा उभा राहायचा. म्हणून तिच्या भाकरीची कड कधी फाटली नाही. तव्यावर टाकली की वरून पाण्याचं बोट फिरवायचं, उलटायची आणि मग निखाऱ्यावर उभी करायची. टम्म फुगली की परातीतली पुढची भाकरी थापून झालेली असायची. त्या उजव्या अंगठ्याचं टोक भाजून भाजून गुळगुळीत झालं होतं. त्याला गरम लागतच नसे.

त्या अंगठ्याची आणखी एक गोष्ट आहे. पगार महिन्याच्या दहा तारखेला व्हायचा आणि तेव्हा मेंबर पैसे द्यायचे. तोवर वाण्याकडून उधारीवर किराणा आणायचा आणि त्याच्या भावानं आणायचा. अडीनडीला सावकार, आणि त्याचं व्याज असं की मंगळसूत्र गहाण ठेवलं तर सुटून यायला वर्षं लागायची. १९६९ साली १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं खरं, पण खाणावळवाल्या बाईला बँकेच्या दारात कोण उभं करणार? ते काम प्रेमा पुरव यांनी केलं. गोवा मुक्तिलढ्यातून पुढे आलेल्या या लाल बावट्याच्या कार्यकर्तीनं १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. खाणावळवाल्या बायकांचे गट केले, एकीला दुसरीची जामीन केली आणि बँकेचं कर्ज त्यांच्या हातात पडेल अशी वाट काढली. आजीला १,५०० रुपयांचं कर्ज मंजूर झालं. सही नसेल तर अंगठा चालेल, असं तिला सांगण्यात आलं. आजीनं साफ नकार दिला. "माझो आंगठो भाकरी थापूक आसा, कागदार उठवूक नाय."

मी तेव्हा पहिलीत होते. शाळेतून आले की माझी पाटी आजी घ्यायची. दुपारची पंगत उठली की आम्ही दोघी गॅलरीत बसायचो. मी वर 'अ' काढायचे, ती खाली काढायची. माझा 'अ' वाकडा यायचा, तिचा पाटीबाहेर जायचा. पंधरा दिवसांत ती सही शिकली. बँकेत साहेबानं कागद पुढे केला, तेव्हा तिनं पेन इतकं दाबलं की खालच्या कागदावरही सही उमटली, असं आई सांगते. त्या पैशातून तिनं पहिल्यांदा किराणा रोखीनं घेतला आणि मंगळसूत्र सोडवून आणलं. सगळे हप्ते तिनं वेळेवर फेडले. आज कर्जासाठी फोनवर दिवसातून दोन वेळा विचारणा होते, बोट लावलं की पैसे खात्यात. ही सोय चांगलीच आहे. आजी असती तर तिनं चांगलीच म्हटली असती. फक्त त्या काळच्या कर्जाला जामीन म्हणून शेजारच्या चाळीतल्या चार बायका उभ्या असायच्या, आणि एकीचा हप्ता चुकला तर चौघी तिच्या घरी जाऊन विचारायच्या, "काय झालं गं? पोरगं आजारी आहे का?"

आजीला लोकांत मिसळायची हौस होती आणि भांडायचीही होती. १९७२ सालच्या दुष्काळानंतर महागाई भडकली. रेशनवर लाल मिलो ज्वारी यायची, रॉकेल मिळत नसे, तेल दिसत नसे. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या मागे मुंबईतल्या बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. आजीही गेली. आमच्या घरात तेव्हा एकच लाटणं होतं, तेच तिनं नेलं. मोर्चाहून संध्याकाळी आली, लाटणं धुतलं आणि त्याच लाटण्यानं रात्रपाळीवाल्यांच्या चपात्या लाटायला बसली. ते शिसवी लाटणं आज माझ्या स्वयंपाकघरात आहे. एका टोकाला थाळी वाजवून वाजवून पडलेले बारीक खळगे आहेत. त्यावर बोट फिरवलं की हाताला लागतात.

आता वहीविषयी.

सही शिकल्यावरही आजी हिशेब अक्षरात लिहीत नसे. तिची दोनशे पानी वही होती. त्यात प्रत्येक मेंबराची एक खूण होती. साचेवाल्याला धोटा. भजनी बुवाला टाळ. घाटावरच्या पैलवानाला गदा. दशावतारात काम करायचा त्याला मुकुट. उन्हाळ्यातही छत्री घेऊन फिरणाऱ्याला छत्री. खुणेपुढे महिन्याचे तीस-एकतीस चौकोन, जेवला नाही त्या दिवशी चौकोनात टिंब. ते टिंब म्हणजे खाडा, म्हणजे तेवढे पैसे कमी. पैसे मिळाले की खुणेवर फुली. ही वही ती पेन्सिलीनं लिहायची, खालचा ओठ दातांत धरून. "आजी, आता तुला लिहिता येतं, मग नावं का नाही लिहीत?" असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "अक्षर बँकेक. माणसाक खूण."

मला ते तेव्हा कळलं नाही. आता कळतं. खूण काढायला त्या माणसाकडे बघावं लागतं. कोण छत्रीशिवाय निघत नाही, कोण गावी गेलं की दशावतारात उभा राहतो, हे ठाऊक असावं लागतं. आणि टिंब नुसत्या पैशाचं नव्हतं. एखाद्याच्या चौकोनात लागोपाठ दोन टिंबं पडली की आजी बाबांना गाळ्यावर पाठवायची, "बघून ये, ताप तर नाय?" एकदा टाळवाला असाच गाळ्यात काविळीनं पडलेला सापडला. पाळीवर गेलेल्या सोबत्यांना कळलंच नव्हतं. आजीनं त्याला व्हिक्टोरियात घालून इस्पितळात नेलं आणि बरा होईपर्यंत पेज पोचवली. त्या महिन्यात त्याच्या खुणेपुढे एकही टिंब नाही. पेज म्हणजे जेवणच, असा तिचा हिशेब. पण मागच्या पानावर बघितलं तर पैसे घेतल्याची फुली आहे आणि त्या महिन्यापुढे फुलीच्या जागी एक लहानसं फूल काढलेलं आहे. पैसे घेतले नाहीत, याची ती नोंद.

१८ जानेवारी १९८२. हा दिवस गिरणगावातल्या प्रत्येक घरात पाठ आहे. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. मी सहावीत होते. आधी एक-दोन महिन्यांचा प्रश्न वाटत होता. बाबाही संपावर, खाणावळीतले एकतीसही संपावर. दहा तारीख आली आणि गेली. फेब्रुवारीत कुणाकडेच पैसे नव्हते. जेवायला बसताना मेंबर खाली मान घालून बसायला लागले. मग काही जण यायचेच बंद झाले. आजीनं मला आणि माझ्या भावाला गाळ्यांवर पिटाळलं. "जा, सांग तेंका, आजयेन बोलावल्यान. पैशे मागाहून येतत. आधी जेवा."

शिमग्याला बरेच जण गावी गेले, ते परतलेच नाहीत. जाणाऱ्या प्रत्येकाला आजीनं दोन भाकऱ्या आणि सुकटाची चटणी फडक्यात बांधून दिली. उरलेल्या अकरा जणांना तिनं गणपतीपर्यंत जेवू घातलं. हळूहळू बांगडा गेला, मग डाळ पातळ झाली, मग भात आणि कुळथाची पिठी एवढंच राहिलं. वाण्यानं उधारी थांबवली तेव्हा तिनं दोन पाटल्या मोडल्या. आईनं एकदाच म्हटलं, "आये, आपल्या पोरांसाठी तरी ठेवा." आजी म्हणाली, "ह्ये कोणाचे पोर नाय काय?" त्यावर आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आईनं आपल्या कानातल्या कुड्या काढून तिच्या हातावर ठेवल्या. माझ्या घरातल्या बायकांची ओळख मला त्या दिवशी झाली.

तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, भोंगे थांबले, गाळे रिकामे झाले. आजीनं खाणावळ बंद केली आणि मसाला करायला घेतला. लालबागच्या मसाला गल्लीतून मिरची आणायची: रंगाला बेडगी, तिखटाला लवंगी, दोन्ही मापात. धणे, तीळ, खसखस, दगडफूल, नागकेशर, बाद्यान, जायपत्री, हळकुंडं, सगळं वेगवेगळं भाजायचं. एप्रिल-मेच्या दुपारी चाळीच्या गच्चीवर मिरच्या वाळायच्या आणि खाली गॅलरीत शिंका. मग गिरणीत डंकावर कांडून आणायचं. या मसाल्यावर आमच्या दोघा भावंडांचं शिक्षण झालं. बाबा पुढे एका कार्यालयात रखवालदार झाले. ते कार्यालय ज्या गिरणीत त्यांनी इतकी वर्षं साचे चालवले तिच्याच आवारात होतं. डबा घेऊन निघताना ते कधी काही बोलले नाहीत. आजी मात्र रोज त्यांच्यामागून गॅलरीपर्यंत जायची आणि ते कोपऱ्यावर वळेपर्यंत उभी राहायची.

मसाला गल्ली अजून आहे. एप्रिल आला की मी अजून तिथे जाते आणि अजून शिंकते. पण आमच्या इमारतीच्या गच्चीला कुलूप असतं. मिरच्या वाळवायला परवानगी नाही, म्हणून मी भाजलेला तयार मसाला आणते. आजी गेल्यापासून रंग तोच येतो, वास वेगळा येतो.

एकदा मी तिला लोअर परळच्या फिनिक्सला घेऊन गेले. गिरणीच्या जागी मॉल झालेला आणि जुनी चिमणी मधोमध उभी. आजी सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला अजिबात भ्याली नाही. बोटीनं आलेली बाई ती. वर गेल्यावर काचेतून चिमणीकडे बघत विचारलं, "हय साचेखाता खंय होता?" मला सांगता आलं नाही. तिनं मग खांब मोजल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं आणि एका चपलांच्या दुकानाकडे बोट केलं, "थय आसतला." मी म्हटलं, "तुला वाईट वाटतं का गं?" ती म्हणाली, "धूर गेलो, धूळ गेली, ता बरा जाला. तुझ्या आजोबाक ह्या हवेत काम मेळला आसता तर जगलो आसतो." थोडं थांबून म्हणाली, "पण हय काम करतत ती पोरां जेवतत खंय?"

हाच तिचा प्रश्न. नव्या इमारतीतही तिनं दार उघडं ठेवायचा हट्ट धरला. कुरियर घेऊन येणाऱ्या मुलाला पाणी न देता ती परत पाठवत नसे, आणि पाण्याआधी प्रश्न ठरलेला: "जेवलंस काय रे?" सुरुवातीला मला ओशाळल्यासारखं व्हायचं. ती मुलं गोंधळायची. मग काही जण हसून "हो आजी" म्हणायचे, आणि एखादा असा निघायचा की तो "नाही" म्हणायचा.

आता तेव्हाचं आणि आताचं एकमेकांशेजारी ठेवून पाहते. घरातला नळ, गॅस, लिफ्ट, स्वतःचा संडास, मुलींचं शिक्षण, गिरणीतल्या धुळीपासून सुटलेली फुप्फुसं: हे सगळं आजचं चांगलं आणि तेव्हाचं वाईट. यात आजीला काडीचीही शंका नव्हती आणि मलाही नाही. तेव्हा मात्र गावाहून आलेला मुलगा मुंबईत उतरला, की आधी त्याला गाळा दाखवला जायचा आणि लगेच खाणावळ. मग त्याच्या जेवणाची नोंद कुणाच्या तरी वहीत रोज व्हायची. दोन दिवस तो आला नाही तर कुणीतरी त्याला शोधत यायचं. आजही गावागावांतून मुलं मुंबईत येतात. त्यांच्या पाठीवर चौकोनी पिशवी असते आणि पिशवीत दुसऱ्यांचं गरम जेवण. कोण कुठे पोचला, किती मिनिटांत पोचला, याची नोंद क्षणाक्षणाला होते. तो स्वतः जेवला का, याची नोंद कुठेच होत नाही. हरवलं आहे ते एवढंच, आणि ते फार मोठं आहे.

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला असाच एक मुलगा आमच्या दारात उभा होता, भिजून चिंब. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "जेवलास का रे?" तो दचकला. काही चुकलं का, असं वाटून त्यानं आधी फोनकडे पाहिलं. मग म्हणाला, "मॅडम, अजून दोन ऑर्डरी बाकी आहेत." हिंगोलीकडचा होता. मी सकाळची भाकरी गरम केली, त्यावर सुकटाची चटणी घातली, गुंडाळून हातात दिली. लिफ्टची वाट बघत उभ्या उभ्या त्यानं ती संपवली. जाताना म्हणाला, "आमच्या आजीची अशीच असते." चटणी म्हणायची होती की भाकरी, मी विचारलं नाही.

खाणावळीतले मेंबर आजीला विसरले नाहीत. संपानंतर वर्षानुवर्षं ते येत राहिले, कुणी शंभर रुपये घेऊन, कुणी फणस, कुणी आमसुलं. शेवटची फुली १९९६ सालची. छत्रीवाला संगमेश्वराकडून डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन तीन मजले चढून आला. केस पांढरे झालेले, काखेत छत्री. आजीनं त्याला आधी दम भरला, "उसना फेडूक इलंस की माका बघूक?" मग पाट मांडला. तो जेवून गेल्यावर तिनं वही काढली, छत्रीवर फुली मारली आणि पदरानं डोळे पुसले.

ती वही माझ्या कपाटात आहे. संपाच्या वर्षातल्या एकतीस खुणांपैकी बावीस खुणांवर फुल्या आहेत. नऊ खुणा उघड्या आहेत: माड, बैल, कंदील, पतंग, चष्मा, मासा, ढोलकी, घंटा आणि गांधी टोपी. त्यांची नावं आम्हाला ठाऊक नाहीत, ती आजीच्या डोक्यात होती. शेवटच्या आजारपणात मी तिला विचारलं होतं, या नऊ जणांचं काय करायचं? ती म्हणाली, "जेवले मां ते? मगे जाला."

तुमचे आजोबा किंवा वडील लालबागच्या गाळ्यात राहून गिरणीत जात असतील आणि संपाच्या वर्षी एका मालवणी मावशीकडे जेवत असतील, तर यातली एखादी खूण त्यांची असू शकेल. फेडायला म्हणून येऊ नका, तो हिशेब तिनं स्वतःच बंद केला आहे. रविवारी दुपारी या. मटण आणि सोलकढी असते. जेवून जा, आणि त्यांचं नाव तेवढं सांगा. खुणेपुढे ते मला लिहून ठेवायचं आहे.